वेळेवर आलेला ग्रह

“अण्णा, तो ग्रह उशिरा यायलाय. मग तुमच्याकडं वेळेवर कसा आला?” पुण्याहून अर्पितानं फोनवर विचारलं.

रंगनाथरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. वडिलांचं मोजमाप पसंत पडल्याचं लेकीनं कालच कळवलं होतं, म्हणून त्यांच्या पत्नी दैवशालाबाई ओसरीवर शेजारच्या आश्रुबाला पेढे देत होत्या.

निवृत्तीनंतर तारे मोजण्याचा हा नाद त्यांना पुण्यात ग्रहांवर संशोधन करणाऱ्या लेकीनंच लावला. तिनं दिलेली लहानशी दुर्बीण पेडगावच्या घराच्या गच्चीवर मांडायची, एखाद्या ताऱ्याचे लागोपाठ फोटो घ्यायचे आणि त्याचा उजेड मोजायचा. ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की उजेड किंचित उतरतो. कधी उतरेल याचा अंदाज अर्पिता आधी कळवायची. अंदाज जुने होतात, चुकतात, म्हणूनच तर मोजायचं. ‘दिसेल तेच पाठवा, अण्णा,’ असं तिनं दहादा बजावलं होतं.

ते मोजमाप घेतलं त्या रात्री वेळ टळून गेली तरी उजेड उतरेना. रंगनाथराव घाबरले आणि दुर्बीण झाकून खाली आले. उभी नोकरी त्यांनी पीककापणीची वजनं करण्यात घालवली होती. वरून पिकाचा अंदाज यायचा आणि रानातलं वजन त्याला जुळवायचं. जुळलं नाही तर साहेब चारचौघांत विचारायचा, तराजू धरता येत नाही का? लेकीनंही तसंच विचारलं तर? त्यांनी आकडे थोडे थोडे उतरवले, आलेखात ठरल्या वेळी सुरेख खळगा पाडला आणि मूळ फोटो पुसून टाकले. नोकरीतही वजनाची कच्ची चिठ्ठी ते फाडूनच टाकत.

“अण्णा, ऐकायलाव ना? काल रात्री आमी मोजलं तर तो उशिरा आला. तुमी मोजलं त्या रात्री इकडं ढग होते. फक्त तुमचंच आभाळ मोकळं होतं. माझ्या वडिलांनी मोजलंय, असं मी सगळ्यांना ठासून सांगितलंय.”

रंगनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुर्बीण बिघडली होती, अशी थाप अगदी जिभेवर आली होती.

“बाई, म्या जुळवलं ते,” ते म्हणाले. “उजेड उतरलाच न्हाई. मीच उतरवला.”



“उतरला नाही हेच तर खरं होतं,” अर्पिता हळू म्हणाली. “अंदाज चुकलाय हे सगळ्यांच्या आधी तुमाला दिसलं होतं, अण्णा. मूळ फोटो पाठवा. अजून दाखवता येईल.”

“पुसले.”

तिनं रागवायला हवं होतं. ती रागावली नाही.

“बरं. पुढच्या बारीलाबी मोजा तुमी. फक्त, मी दुसऱ्या कुणाकडून ताडून घेईन.”

“घे,” रंगनाथराव म्हणाले. आजवर लेकीनं त्यांचा एकही शब्द ताडून पाहिला नव्हता.

ओसरीवरून आश्रुबा ओरडला, “लय नाव काढलं बगा गावाचं!”

“आवं, तुमी खाल्लाच न्हाई की,” दैवशालाबाई हसत म्हणाल्या.

दोघंही बघत होती, म्हणून रंगनाथरावांनी पेढा तोंडात घातला आणि तो विरघळेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले.