मोठ्या खणातली वेळ

पवनारची रोपवाटिका सोडून देवकाबाई उन्हाळ्यात कुठं म्हणून जात नाहीत. वांग्या-मिरचीची कोवळी रोपं दुपारभर फवारा मागतात, आणि नवरा रूपराव जेवून खाटेवर टेकला की ढोल वाजवला तरी उठत नाही. सख्ख्या भावाच्या लग्नातून बाई अक्षता टाकून तशाच माघारी आल्या होत्या. आज मात्र आर्वीला नातीचं बारसं होतं, आणि पिपरी मेघेच्या भाचीनं, वल्लरीनं, शब्द दिला होता, "मावशी, तू बिनधास्त जा. पाण्याचं माझी डबी बघेल."

डबी म्हणजे वल्लरीनं जोडलेला चिमुकला संगणक. वेळ झाली की मोटर सुरू करणारा. आठवडाभर घरच्या टेबलावर तो शहाण्यासारखा चालला. इथं आणून मोबाइलवरून वेळ घेऊ दिली, तर पडद्यावर अब्जावधी वर्षांनंतरचं साल! मोटर ढिम्म.

नवं पातळ नेसून देवकाबाई दारात उभ्या. "नाई चालत काय व? राहू दे मंग. बारसं काय, फोनवर पाहीन मी."

वल्लरीला रडूच फुटायचं बाकी होतं. एवढ्या वर्षांनी मावशी निघाली होती, आणि आपणच तिला अडवत होतो.

"अहो, हे काय करून राह्यले तुमी?" देवकाबाई एकदम नवऱ्यावर खेकसल्या. "पाटी जुनी, बारक्या भोकाची. ट्रे नवे, मोठ्या खणाचे. एकाच खणात वांगं आन मिरची दोन्ही पडून राह्यलं ना!"

रूपराव बी टाकायची पाटी हातात धरून ओशाळले. वल्लरीनं ट्रेकडे पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली.

तिनंही नेमकं हेच केलं होतं. डबीच्या जुन्या कर्नलमधली, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली, वेळ दोन हजार अडतीस सालापुढं मावणार नव्हती, म्हणून तिनं वेळेसाठी मोठा खण असलेला नवा कर्नल घातला. पण त्याला वेळ नेऊन देणारी लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरचा मधला दुवा, राहिली जुनीच. ती एका बारक्या खणात सेकंद ठेवी आणि शेजारच्या खणात सेकंदाचा उरलेला तुकडा; कर्नल दोन्ही मिळून एकच आकडा वाची. घरी वल्लरीनं वेळ हातानं टाकली होती, पुऱ्या सेकंदांत. तुकडा शून्य, म्हणून सगळं बरोबर दिसलं. मोबाइल मात्र तुकड्यासकट वेळ देत होता.

"चूक माझीच आहे, मावशी. नवी लायब्ररी बसवायला दुपार होईल. तोवर मी पाइप धरते, पण तू जा."

"तू? या उन्हात?"

"मीच. जा ना गं, एसटी चुकेल."

रूपराव मावशीला गाडीवरून सोडायला गेले. वल्लरी एका हातात पाइप नि दुसऱ्या हातानं लॅपटॉप असं करत राहिली. उन्हानं नाक लालबुंद झालं. उन्हं कलायच्या आधी नवी लायब्ररी बसली. मोबाइलनं तुकड्यासकट वेळ दिली आणि पडद्यावर चक्क चालू साल आलं. ते डोळे भरून पाहत असतानाच मोटर घरघरली, आणि चारी बाजूंनी फवारा उडाला. लॅपटॉप ओढणीत गुंडाळून वल्लरी आनंदानं किंचाळत रोपांमधून बाहेर पळाली.

तेवढ्यात आर्वीहून फोन. मागं पाळण्याचं गाणं चाललं होतं.

"लागलं काय व पाणी?"

"मावशी, मी ओलीचिंब झालेय!"



"मंग तुह्या मावसाजीले सांगजो, संध्याकाळी मले घ्याले फाट्यावर येऊ नका म्हणा."

"का गं?"

"मी आज मुक्कामाले राह्यतो."