एकोणीस धागे

टाचणी दिसली की विदादचे हात शिवशिवायचे. गंजकी टाचणी असो, वाळका रबर असो की सुतळीची गाठ, कागदाच्या अंगाला काही चिकटलेलं तिला बघवत नसे. त्लेमसेनच्या जुन्या मोहल्ल्यातल्या त्या दप्तरखान्यात तिला नऊ वर्षं झाली होती. तिच्या हाताखालून गेलेला कागद न्हाऊनमाखून पाळण्यात घातलेल्या बाळासारखा निघे.

आणि याच हातांनी तिनं एका दुपारी लाल्ला झोहोरच्या डब्यातले सगळे धागे कापले.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, म्हाताऱ्या झोहोरबाईनं दप्तरखान्याला देऊ केलेला; देणगीची सही तेवढी राहिली होती. झाकणावरचा मोर घासून घासून कोंबड्यासारखा दिसू लागलेला. आत दोनशेच्या वर चिठोऱ्या होत्या. वहीची पानं, साखरेच्या पुड्यांचे खाकी कागद, कॅलेंडरच्या पाठी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वसंतात गावातल्या बायका बागांत जात, अक्रोडाच्या फांदीला झोके बांधत आणि झोक्यावर हौफी म्हणत. दोन ओळींचं गाणं. झोका जाताना एक ओळ, येताना दुसरी. दहा वर्षांची झोहोर झाडाखाली बसून ती उतरवून घ्यायची. तिची आई मामिया त्या चिठोऱ्यांच्या जुड्या बहुतेक लोकरीच्या धाग्यांनी बांधायची आणि डब्यात टाकायची.

लोकरीला कसर लागली होती. विदादनं रीतीप्रमाणे डबा पिशवीत बांधून आठवडाभर बर्फाच्या कपाटात ठेवला. कसर मेली. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. कात्री घेतली, धागे कापले, ते सगळे एका पुडीत भरले आणि चिठोऱ्या कागदाच्या जातीप्रमाणे लावल्या. खाकी खाकीत, रेघी रेघीत. संध्याकाळी त्या नीटस थप्प्यांकडे बघून ती खूश होऊन घरी गेली.

मंगळवारी फोन वाजला.

"पोरी, गुरुवारी येते सही करायला," पलीकडून लाल्ला झोहोरचा खणखणीत आवाज. "माझ्या बायका बऱ्या आहेत ना?"

"कुठल्या बायका, लाल्ला?"

"डब्यातल्या. एकोणीस जणी. अगं, त्या काळी बाईचं नाव कागदावर कोण लिहू देणार? नवऱ्याला कळलं तर झोका बंद. म्हणून प्रत्येकीनं आपल्या मागावरचा, नाहीतर कमरपट्ट्याचा एकेक धागा दिला होता. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण धागा बघून ती सांगायची, ही फातना, ही रंगाऱ्याची यामिना. त्या जशा बसल्यात तशा बसल्या असतील तर सही. नाहीतर माझा डबा मला परत. चुलीवरच्या फळीला त्याची जागा अजून रिकामी आहे."

विदादनं फोन ठेवला. चुलीवरची फळी म्हणजे वाफ, धूर, झुरळं. दोन पावसाळी हिवाळ्यांत त्या चिठोऱ्यांचा लगदा झाला असता. आणि इथे राहिल्या तरी काय? एकोणीस बायका तिनं एका दुपारी निनावी करून टाकल्या होत्या.

सी घौती, दप्तरखान्याचे प्रमुख, खिडकीशी बसून कॉफी पीत होते. तिनं सगळं सांगितलं.

"थंडीनं किडा मेला होता ना?" त्यांनी विचारलं.

"मेला होता."

"मग धागे कशाला कापलेस?"

"हात शिवशिवले."

सी घौतींनी कप खाली ठेवला. "तू आलीस त्या पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? पाहुणा जिथे बसला असेल तिथेच त्याला कॉफी द्यायची. उठवायचं नाही. तू तर एकोणीस पाहुण्यांना उठवलंस आणि कपड्यांच्या रंगावरून पुन्हा बसवलंस."

"मी राजीनामा लिहू?"

"लिही. पण आधी त्यांना जागेवर बसव. नंतर तो राजीनामाही फायलीला लावू. टाचणीनं."

विदादला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं भिंग घेतलं, दिवा घेतला आणि खोलीचं दार लावलं.

पहिल्या दिवशी काही दिसेना. दुसऱ्या दिवशी तिनं दिवा टेबलाच्या कडेला आडवा धरला, उतरतं ऊन शेतावर पडावं तसा. आणि कागदाच्या अंगावर वाटा उमटल्या. धागा जिथे आवळला होता तिथे बारीक चर होते. चरांत रंग होता. घरी रंगवलेली लोकर. साठ हिवाळ्यांची ओल पिऊन प्रत्येक धाग्यानं आपला थेंब थेंब रंग कागदाला दिला होता. मंजिष्ठेचा लाल, डाळिंबसालीचा पिवळा, अक्रोडाचा तपकिरी. तिनं पुडीतले धागे काढले आणि एकेक धागा एकेका चराशी लावून बघू लागली, चपलेचा जोड शोधावा तशी. काही चर रुंद, काही पिळाचे. ही एक. ही दुसरी. रंग फुटला नव्हता तिथे घडी जुळवली, घडी नव्हती तिथे एकमेकीवर उमटलेली शाई. बुधवारी दप्तरखाना बंद व्हायच्या वेळेला अठरा जणी आपापल्या जागी बसल्या होत्या.

उरल्या तीसेक चिठोऱ्या, रंगाचा थेंबही नसलेल्या. आणि उरला एक धागा, सोनेरी रेशमाचा. रेशीम पक्क्या रंगाचं, ते रंग सोडत नाही. म्हणजे उरलेल्या सगळ्या त्याच बाईच्या, असं विदादनं धरलं; खात्री मात्र नव्हती.

गुरुवारी लाल्ला झोहोर आली ती जांभळी शाल पांघरून आणि काक या खुसखुशीत गोड कड्यांची परडी घेऊन. वाचनखोलीत खाणं चालत नाही, म्हणून परडी जिन्यातच राहिली आणि सी घौतीही परडीपाशीच राहिले.

विदादनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "लाल्ला, धागे मी कापले. चूक माझी. दोन दिवस जुळवतेय. तुम्ही बघा आणि मग ठरवा."

 लाल्ला झोहोरनं शाल सावरली. मग पहिली जुडी उचलली, वाचली, दुसरी उचलली. दारातून सी घौती तोंडात कडं धरून बघत होते.

"ही फातनाच," ती शेवटी म्हणाली. "झोक्यावर बसली तरी भाकरीचंच गाणार. आणि ही तिची जाऊ, सासूला टोमणे. पोरी, तुला कसं कळलं गं?"

"कागदानं सांगितलं."

"आणि ही थप्पी?"

"हिच्यावर रंग नाही. हा रेशमी धागा उरला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "हा माझ्या आईच्या लग्नातल्या पट्ट्याचा. ही सगळी आई आहे तर." ती एकेक चिठोरी वाचू लागली आणि मान डोलवू लागली. हळूच तिनं निळ्या धाग्याच्या जुडीतलीही एक उचलली आणि आईच्या थप्पीवर ठेवली. "हीपण आईची. ही तर अख्ख्या गावाला पाठ आहे. लग्नांत मीच म्हणते."

तिनं म्हणून दाखवली, हळू, एका लयीत पुढे जात आणि मागे येत.

"बापानं माझ्या भिंत उंच उंच बांधली,
झोक्यानं माझ्या एका हेलकाव्यात ओलांडली."

 विदादच्या मनात आलं, देऊन टाकावी. सही होईल, डबा राहील, म्हातारी सुखानं जाईल. कोणाला कळणार होतं? पण एकदा उठवलेल्या पाहुणीला दुसऱ्यांदा उठवायचं तिच्या जिवावर आलं.

"लाल्ला, जरा इकडे बघता?" तिनं दिवा आडवा केला आणि चिठोरीची घडी उघडली. घडीच्या पोटात, लपून राहिलेली, केसाएवढी निळी रेघ होती. तिनं निळा धागा शेजारी ठेवला.

लाल्ला झोहोरनं चष्मा पुसला. परत बघितलं. परत पुसला.

"नीळ," ती म्हणाली. "नीळ फक्त यामिनाच्या घरात असायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे. आई म्हणायची, ती झोक्यावर बसली की आकाशाला आपला डाग पडेल." ती थांबली. "आईनं मला सांगितलं होतं, ही निळ्यात बांध म्हणून. मीच बांधली असणार. आणि मग साठ वर्षं प्रत्येक लग्नात सांगत आले, माझ्या आईची."

"आता?" विदादनं विचारलं.

"आता काय, पुढच्या शुक्रवारी यामिनाच्या नातीच्या मुलीचं लग्न आहे. तिथे म्हणेन आणि खरं सांगेन. फुकटचं जेवण तर मिळेलच." ती खुदकन हसली. "मेल्यावर आई विचारणारच होती. तू आधी विचारलंस ते बरं झालं. आण तो कागद."

सही करताना तिनं अक्षरं शाळेतल्यासारखी घोटून काढली. मग म्हणाली, "त्या धाग्यांचं काय करणार आहेस? परत बांधणार?"

"नाही, कागद कापला जातो. प्रत्येकीचा धागा तिच्या फायलीत वेगळ्या पाकिटात राहील. आणि हे सगळ्यांत वर." विदादनं एक पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं की मूळचे धागे अमुक तारखेला विदाद बेनयेल्लेस हिनं कापले, नोंद न ठेवता. जुळणी नंतर रंग, चर आणि घडी बघून केली. दोन ठिकाणी शंका आहे, ती ठिकाणं ही.

"स्वतःची चूक, तीपण नाव घालून?"

"पुढच्या माणसाला कळायला हवं, कोणाचे हात लागले ते."

"आमच्यातल्या एकीचीही छाती झाली नव्हती नाव लिहायची," लाल्ला झोहोर म्हणाली. तिनं शालीचं टोक दातांत धरलं, एक जांभळा धागा ओढून काढला आणि त्या पानावर ठेवला. "घे. तू विसावी."

"हा राजीनामा आहे का?" दारातून सी घौतींनी विचारलं. "टाचणी आणू?"

विदादचे हात शिवशिवले. पण तिनं ते मांडीवर ठेवले आणि तो धागा होता तिथेच राहू दिला.