ओळीच्या सुरुवातीला

उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की पळसदेवला सगळेच आपापली मोटार पाण्यामागं खाली नेतात. तात्या, म्हणजे माझे वडील, जागोजागी सोललेली, चिकटपट्ट्या गुंडाळलेली मोटारीची जुनी केबल खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायच्या बेतात होते. ठरल्या वेळी मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटोस्टार्टरची पेटी लांब वर, ती बंद करायला तिथवर जायचा त्यांना कंटाळा. पण मधेच मोटार चालू झाली तर त्या केबलमधून पाण्यात करंट उतरणार. म्हणून मला फोन. मी बारामती एमआयडीसीत त्याच ऑटोस्टार्टरच्या कंपनीत सर्व्हरवरच्या फाइली बघते. मोटारी चालू-बंद करणं माझ्या हातात नाही.

"वृषे, मोटार मधीच सुरू हुणार न्हाय ना? बघ की."

मी वेळापत्रकाच्या फाइलींवर ग्रेप, म्हणजे ओळी शोधायची कमांड, चालवून आमच्या मोटारीचा नंबर शोधला. एकही ओळ आली नाही.

"न्हाय तात्या. उतरा बिनघोर."

फोन ठेवला आणि माझीच कमांड डोळ्यांत खुपली. नंबराआधी मी सवयीनं टोपीसारखं चिन्ह टाकलं होतं. त्याचा अर्थ, फक्त नंबरानं सुरू होणाऱ्या ओळी दाखव. इथं तर प्रत्येक ओळ वेळेनं सुरू होते. एवढी अक्कल नको मला? चिन्ह पुसून पुन्हा शोधलं. एक ओळ आली. आजची, दुपारी बाराची, चालू. बारा वाजतच होते.

फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी आईनं उचलला.

"आई, तात्यांना बाहेर बोलाव. आधी बोलाव."

"त्ये कवाच पाण्यात गेलेत," आई म्हणाली. "आन् पायपाला पानी आलं की गं. तूच चालू केलीस व्हय?"