मुकी गेडी

एटापल्लीजवळच्या त्या गावात सगळ्यांत जास्त प्रश्न आठ वर्षांची करिश्मा विचारी. मुंगी झोपते का, मोहाला रात्रीच गळायची घाई का? बाकीच्यांनी हात टेकले होते. पुरून उरला तो एकटा तिचा आजोबा, लच्छू तादो.

तादोची नजर गेली होती. पण पोळ्याच्या दिवसांत पोरं बांबूच्या उंच काठ्यांवर, म्हणजे गेड्यांवर, चढून गल्लीभर फिरू लागली, की ओसरीवर बसूनच तो गेडीच्या आवाजावरून एकेकाला ओळखायचा. "जंगू, हळू चाल!" "बुधरी, मायनं हाक मारली!" सगळ्यांच्या गेड्या त्यानंच चाचपून बांधल्या होत्या.

करिश्माची गेडी मात्र मुकी. ती पुन्हा पुन्हा ओसरीसमोरून गेली, पण तादोनं तोंडसुद्धा वळवलं नाही. तिला फार लागलं ते. उद्या पोळा. परवा रिवाजाप्रमाणे गावाची रोगराई सोबत घेऊन सगळ्या गेड्या शिवेवर टाकल्या जाणार. म्हणजे काय ते आज-उद्याच.

"तादो, माही गेडी काऊन नाई बोलत?"

तादोनं पाय ठेवायची खुंटी चाचपली आणि गालात हसला. "जंगूची नीट पाह. मंग मले सांग."

करिश्मा चिखलात आडवी पडून बघत राहिली. जंगूच्या प्रत्येक पावलाला खुंटी किंचित हलत होती आणि दोरी बांबूला घासून कर्र करत होती. तिची खुंटी हलणार कशी? पडायच्या भीतीनं तिनंच तादोच्या दोरीवर बापाकडून तार आवळून घेतली होती!

तिनं तार सोडली. चढली, आपटली, पुन्हा चढली. खुंटी डुगडुगली तसा जीव खालीवर झाला, पण गेडी बोलली. कर्र-किच, कर्र-किच.

तादोनं मान वर केली. "हे नवी कोण? करिश्मा हाय ना व?"

तिनं तर तोंडही उघडलं नव्हतं. आनंदाच्या भरात ती तोल सांभाळायचं विसरली आणि थेट चिखलात बसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवेवर गेडी टाकताना तिचे डोळे भरून आले. अनवाणी पावलांनी गुपचूप परत येऊन ती ओसरीशी उभी राहिली. तादोची मान हलली नाही. तिच्यानं राहवलं नाही.

"तादो, आता मी आली हे तुले कसं समजन?"

तादोनं हात पुढे करून तिला जवळ ओढलं.

"समजलं ना, पोरी. या गावात दुसरं कोण विचारते?"