गोड्या पाण्याची रेती

मोतीराम टापऱ्याकडे मोटार नव्हती, पण मोटारघर होतं. त्याच्या बापाने लढाईच्या दिवसांत कापसाला भाव आला तेव्हा मोटार घेतली आणि भाव उतरला तेव्हा विकली. मोटारघराला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते राहिलं. दर्यापुरात मोठेपणा मोजायची रीतच तशी होती. ज्याच्याकडे वस्तू आहे तो आपला साधा माणूस, आणि ज्याच्याकडे ती कधीकाळी होती तो पाटील. या हिशेबाने मोतीराम चांगलाच पाटील होता.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्या मोटारघरातून ठोकठोक ऐकू यायला लागली. मोतीरामने अकोल्याला एका कारखान्यात एक यंत्र पाहिलं होतं. हवेच्या जोरावर रेती उडवायची, ती लोखंडावर मारायची, की जंग, जुना रंग, सगळं सोलून निघतं आणि आतलं लोखंड पांढरंशुभ्र दिसतं. यंत्र विलायती होतं, किंमतही विलायतीच होती. ती ऐकून मोतीराम घरी आला आणि चतुराबाईला म्हणाला, "पेटीच त हाये. आपन घरीच करू."

आणि केलीही, हे त्याच्या शत्रूंनीसुद्धा जमेला धरलं पाहिजे. धान्याची पत्र्याची कोठी आडवी पाडून तिला दोन भोकं पाडली. हात घालायला म्हणून त्या भोकांना फाटक्या गमबुटांच्या नळ्या शिवल्या. हवेसाठी टायरमध्ये हवा भरायचा जुना कंप्रेसर आणला आणि शेतावरच्या ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर तो जोडला. रेतीचा फवारा जिथून सुटतो ते तोंड लोखंडी असलं तर रेती त्यालाच खाऊन टाकते. म्हणून त्याने लॉरीच्या जळक्या प्लगची पांढरी चिनीमातीची नळी काढून तिथे बसवली. राहिली होती आत पाहायची काच. ती बापाच्या फोटोची काढली.

"मामंजीचा काच काहून काढला जी?" चतुराबाईने विचारलं.

"उकाडा किती हाये. त्याइले हवा लागू दे."

हे सगळं करण्यामागे अक्कल होती तेवढंच वैरही होतं, आणि वैराचा भाग थोडा जास्तच होता.

गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली चाकं, दांडे, पट्ट्या हंगाम संपला की दर वर्षी घासून रंगवत. घासायचं काम वस्तीतल्या बायांकडे होतं. त्या तारेचा ब्रश आणि पटाशी घेऊन महिनाभर जंग खरवडत बसत. त्यांची मुकादम होती जमुना. जमुनेचं घर मोतीरामच्या कंपाउंडाला लागूनच होतं. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीखाली एक विहीर. विहिरीचा अर्धा भाग मोतीरामच्या अंगणात, अर्धा बाहेर वस्तीकडे. बाहेरच्या अर्ध्यावर लोखंडी जाळी होती आणि जाळीला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं.

ते कुलूप सत्तावन सालचं. आदल्या वर्षी वस्तीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर सांगून टाकलं, की आता मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. उन्हाळ्यात मोतीरामचाच बैल मेला. तो दोन दिवस गोठ्यात पडून होता आणि तिसऱ्या दिवशी मोतीरामला स्वतःच दोरी धरावी लागली. चौथ्या दिवशी जाळीला कुलूप आलं. कोणी विचारलं तर मोतीराम सांगायचा, "लेकरं पडतीन ना बाप्पा." सगळा गाव खारपाणपट्ट्यातला. त्या विहिरीच्या पाण्यात ना डाळ शिजायची ना साबणाला फेस यायचा. जे पाणी कोणी प्यायला मागितलंच नव्हतं, ते नाकारायला मोतीरामने मजबूत, महागाचं कुलूप आणलं होतं.

जमुनेचा नवरा देवमन अमरावतीला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला. त्याने भांडण केलं नाही. घरावर स्लॅब टाकला, अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं आणि पावसाचं पाणी त्यात सोडलं. आता जूनमध्ये नदीतला डोह आटला, गावाला पाण्याची बैलगाडी घरटी दोन घागरी देऊ लागली, तरी जमुनेच्या टाक्यात गोडं पाणी होतं. भिंतीपलीकडून हाक मारली तर ऐकू गेली असती. सात वर्षांत कोणी मारली नव्हती.

पेटी तयार झाली त्या दिवशी मोतीराम पानठेल्यावर चारचौघांत म्हणाला, "औंदा जमुनेच्या बायाइले सांगा, घरी बसून भाकरी थापा म्हना. तुमचं महिन्याचं काम माही पेटी आठ दिवसात करते."

पानठेल्यावर बोललेलं वस्तीत पोचायला पान थुंकायला लागतो तेवढाच वेळ लागतो. जिनिंगचा बडा मिस्त्री इनायतुल्लाही ते ऐकून होता. हा मूळचा अमरावतीचा, तोंडाने फटकळ. तो चार दातेरी चाकं घेऊन मोटारघरात आला.

"देखो मोतीरामभाऊ, शुक्रवारी अकोल्याहून रंगारी येते. तवरक ये चाकं सफेद राहिले पाहिजेत. राहिले, तर कारखान्याचं समदं लोखंड तुमच्याकडे, हर साल. नाही राहिले, तर जमुनाबाई है ही. और आपने चौक में जो फरमाया है, वो भी फिर आपको ही निगलना पडेगा."

मोतीरामने नदीची दोन पोती रेती आणली, माती जावी म्हणून आपल्या विहिरीवर धुतली, अंगणात वाळवली, पिठाच्या चाळणीने चाळली. इंजिन धडधडलं. कंप्रेसर लहान, दोन मिनिटं फवारा मारला की दहा मिनिटं हवेची वाट पाहावी लागायची. पण संध्याकाळपर्यंत चारही चाकं नव्या रुपयासारखी निघाली. चतुराबाईसुद्धा दारात उभी राहून म्हणाली, "हाये बाप्पा, निंघालं खरं." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे जंग निघण्यापेक्षा अवघड.

रात्रभर आभाळ भरून होतं. पाऊस नाही, नुसती घाम आणणारी दमट हवा. सकाळी मोतीरामने मोटारघर उघडलं, तर चाकांवर कुंकू उधळल्यासारखी लाली चढलेली.

त्याने आधी हवेला शिव्या दिल्या, मग कंप्रेसर विकणाऱ्याला. मग चतुराबाईला विचारलं, "वल्ल्या हातानं शिवलीस का व?"

"मले का येड लागलं? तुमचं लोखंड, तुमी चाटा."

शेवटी त्याने भिंतीकडे पाहिलं आणि ठरवलं, की जमुनेची नजर लागली. चाकं पुन्हा मारली. पुन्हा पांढरी झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा लाल.

बुधवारी इनायतुल्ला आला. चाकांकडे पाहिलं. पेटीतली चिमूटभर रेती बोटावर घेतली, जिभेला लावली आणि दाराबाहेर जाऊन थुंकला.

"ये रेती काहे में धोई?"

"पान्यात. कायच्यात धुवाव?"

"कौनसे पानी में?"

"माह्याच विहिरीच्या."

"अरे भाई, ये तो निरा नमक है! जंग काढून राहिले का लोखंडाचं लोनचं घालून राहिले?"

मोतीरामने स्वतः रेती चाखली. त्याला काहीच कळलं नाही. जन्मभर त्याच पाण्याने चूळ भरलेली जीभ ती, तिला आपलं पाणी खारं लागतच नव्हतं. दुसऱ्याचं गोड आहे एवढं मात्र तिला बरोबर कळायचं.

"गोड्या पानीमें धोओ," इनायतुल्ला निघताना म्हणाला. "परसों जुम्मा है. याद रखना."

मोतीरामने घरातल्या पिण्याच्या घागरीला हात घातला, तशी चतुराबाई आडवी आली. "हात लावून त पाहा! मानसं तहानंनं मरतीन न् तुमी रेतीले न्हाऊ घालता? टाकं हाये समोर. मांगा जाऊन."

"मी? तिले?"

"मंग मी जाऊ? कुलूप मी लावलं व्हतं का?"

मोतीरामने एक रात्र विचारात काढली. अंधारात जाऊन मागावं तर लोक म्हणतील चोरायला आला. उजेडात जावं तर लोक पाहतील. दोन्हींत उजेड बरा, कारण चोरीचं नाव लागलं तर ते घासून निघत नाही. गुरुवारी सकाळी तो जमुनेच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. जमुना तारेचे ब्रश निवडत बसली होती, झिजलेले एकीकडे आणि चालतील ते एकीकडे. तिने मान वर केली.

"या पाटील. वाट चुकले का?"

"पानी पाहिजे व्हतं."

"तहान लागली?"

"रेती धुवाले."

जमुनेने हातातला ब्रश खाली ठेवला. "आमच्या लेकराइले तुमच्या विहिरीकडे पाहू नाई देल्लं. न् आता तुमची रेती आमच्या टाक्यावर आंग धुवाले आली? थे बी माह्याच पोटावर पाय देवाले?"

"फुकट नाई मांगत. पैसे देतो."

"पानी इकाले आमी का टापरे होय?"

आजूबाजूच्या दारांतून बाया बाहेर आल्या होत्या. मोतीरामच्या कानाच्या पाळ्या चाकांसारख्या लाल झाल्या. तो परत वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "देतो मी पानी. पन थे कुलूप काढा. आजच. तुमच्या हातानं."

"त्याले किल्ली लागत नाई आता. जंगलं थे."

"मंग साखळी कापा. पानठेल्यावर त लय मशिनी सांगत व्हते."

"विहिरीचं पानी काय करतीन तुमी? खारं हाये थे."

"थे पानी आमाले नाईच पाहिजे," जमुना म्हणाली. "कुलूप नाई पाहिजे."

साखळी कापायला अर्धी सकाळ गेली. करवतीचं एक पातं तुटलं, दुसरं आणावं लागलं. वस्ती नुसती पाहत होती, कोणी हात लावला नाही. एक म्हातारी कट्ट्यावरून म्हणाली, "लावाले येवढा येळ लागला नवता, नाई का?" साखळी तुटली. मोतीरामने कुलूप खिशात टाकलं आणि दोन घागरी घेऊन टाक्याशी गेला. त्याला वाटलं जमुना ओतून देईल. ती जागची हलली नाही.

"दोर तिथं हाये. बालटी तिथं हाये. काढा."

आयुष्यात पहिल्यांदा मोतीरामने त्या घरच्या दोराला हात लावला. हात काही झडला नाही. घागरी घेऊन तो आपल्या दारात आला तेव्हा त्याला वाटलं, आता बायको अंघोळ कर म्हणणार. चतुराबाईने घागरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "दोन खेपा जास्ती मारा. वरन चांगलं शिजन."

शुक्रवारी चाकं पांढरी होती. इनायतुल्लाने बोट फिरवलं, जिभेला लावलं, मान हलवली. रंगाऱ्याने रंग चढवला. कारखान्याच्या लोखंडाची पहिली गाडी मोटारघरापुढे उभी राहिली.

इथे मोतीरामने खिशातलं कुलूप काढलं. चांगल्या वस्तूचा जीव जाऊ देणं त्याच्या रक्तात नव्हतं. किल्लीच्या भोकात मेण भरून त्याने कुलूप पेटीत धरलं, फवारा मारला, मग घासलेटात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चतुराबाईच्या जुडग्यातली किल्ली त्यात फिरली, खट्ट. ते त्याने मोटारघराच्या दाराला लावलं. आत गोड्या पाण्याने धुतलेली रेती होती. असल्या गावात ती जागेवर राहील याचा भरवसा कोणी धरावा?

जमुना रस्त्याने जाता जाता थांबली. कुलुपाकडे पाहिलं. मग पुढे चालू लागली.

रेतीचा मात्र एक दोष असतो. लोखंडावर चार-पाच वेळा आपटली की तिचा मैदा होतो, आणि मैद्याने जंग निघत नाही. दुसऱ्या आठवड्यात पेटीतून नुसता पांढरा धूर यायला लागला. मोतीराम खोकून बेजार झाला. बापाच्या फोटोची काच आतून मार खाऊन आंधळी झाली होती, ती त्याने बदलली. रेतीही नवी आणली. पाऊस अजून पत्ता देत नव्हता, आणि पडला असता तरी टापऱ्यांच्या कौलांखाली टाकं कुठे होतं? तो पुन्हा त्या अंगणाच्या कडेला आला.

"या पाटील," जमुना म्हणाली. "मी कुलूप काढा म्हनलं व्हतं. हालवा नवतं म्हनलं."

"थे माह्या घराचं दार हाये!"

"हाये ना. लावा खुशाल, एकाले दोन लावा." तिने मागे पाहिलं. ब्रश नसलेल्या हातांनी बाया ओळीने बसल्या होत्या. "आता रेती इथंच पडन. माह्या बाया धुतीन, इथंच वाळवतीन, इथंच चाळतीन. जिनिंगवर भेटे थेच मजुरी. रेती राहीन बी इथंच. रोज सकायी लागन तेवढी घेऊन जाजा."

"रोज?"

"रोज. न् तुमच्या हातानं. गडी नाई पाठवाचा."

मोतीरामने इनायतुल्लाकडे दाद मागितली. इनायतुल्ला म्हणाला, त्याला लोखंड सफेद पाहिजे, रेती कोणाच्या अंगणात निजते याच्याशी त्याला काय करायचं. आणि मोठ्याने हसला. तेवढ्या हसण्याने ही गोष्ट पानठेल्यावर पोचली.

तेव्हापासून रोज सकाळी मोतीराम टापरे मोटारघराचं चकचकीत कुलूप काढायचा, आतलं रिकामं टोपलं उचलायचा आणि बाहेर येऊन दार पुन्हा लावायचा. कुलूप लागलं की नाही, हे एकदा ओढून पाहायचा. मग टोपलं काखेत घेऊन भिंतीला वळसा घालून वस्तीत जायचा. कट्ट्यावरची म्हातारी त्याला पाहिलं की आत हाक द्यायची, "जमुने, आले व पाटील!"

आणि जमुना हातातलं काम पुरतं होईपर्यंत त्याला उभा ठेवायची.