नेहमीचे तीन

मी टेबल बोलतोय. लिहायचं नव्हे, जेवायचं नव्हे. माणसं आडवी करायचं टेबल. उंची तुमच्या कमरेइतकी, पाय ओकच्या लाकडाचे, अंगावर हिरवं रेक्झिन, तेही आता जागोजागी फाटलेलं. गोड बोलायची मला सवय नाही. सगळी उमर माझ्यावर घामेजलेली, कण्हणारी आणि खोटं बोलणारी माणसं निजली. त्यांच्यात राहून कोण गोड बोलेल?

मला अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या एका हंगेरियन सुताराने बनवलं, तिथल्या फुटबॉल क्लबसाठी. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं करायचं, याला खेळ म्हणतात. सुताराला सांगितलं होतं, यावर कितीही जड माणूस पडला तरी हे कुरकुरता कामा नये. त्याने मला पक्कं सांधलं, पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "जा, रेड्यांची ओझी वाहा." कौतुकाचा म्हणून जन्मात तेवढाच शब्द मिळाला.

मला ठेवलं स्टेडियमच्या पोटातल्या एका खोलीत. खिडकी नाही. मलमाचा वास असा की भिंतीलाही शिंक यावी. खोलीचा धनी व्हर्न कोवाच, संघाचा ट्रेनर. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, खांद्यांवर बर्फ ठेवायचा, मानेला मलम चोळायचं, हे त्याचं काम. पट्टी तो दातांनी फाडायचा आणि तोंडात ती असतानाच शिव्या द्यायचा. एका वर्षी कुठून तरी पाहून आला आणि करवतीने माझ्या डोक्याकडच्या बाजूला भोक पाडलं. माणूस पालथा निजला की त्यात तोंड घालायला! मला विचारलं नाही. टेबलाला विचारतं कोण? पण त्या भोकामुळेच मी ऐकू नये ते ऐकलं.

मग गॅरेट ओडम आला. जॉर्जियाचा, लाल मातीतला, लांब बोटांचा, तोंडाळ. क्वार्टरबॅक. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू सर्वात आधी येतो, कुणाकडे फेकायचा ते जो डोळा लवायच्या आत ठरवतो, आणि म्हणून पलीकडच्या सगळ्यांना ज्याला जमिनीवर लोळवायचं असतं, तो. संघाच्या सगळ्या चाली त्याला तोंडपाठ लागतात. गॅरेटला होत्या. पालथा पडून, भोकात तोंड घालून तो एकामागून एक चाली म्हणायचा आणि व्हर्न पाठ चोळता चोळता म्हणायचा, "बास कर रे बाबा, माझ्या हाताला झोप येतेय." एकदा पैज लागली म्हणून वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे जानेवारीपर्यंत एका श्वासात म्हणून दाखवले. मग दर तिसरा महिना गाळून म्हणाला. माझ्यावर डोकी पुष्कळ टेकली, पण आत इतका उजेड असलेलं दुसरं नाही. मी कुणाची उगाच स्तुती करत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता त्या परीक्षेचं सांगतो. दर उन्हाळ्यात, सामने सुरू व्हायच्या आधी, व्हर्न प्रत्येकाला माझ्यावर बसवायचा आणि पाच शब्द सांगायचा. मग इकडचं तिकडचं बोलायचा आणि विचारायचा, "हं, सांग बघू ते शब्द." किती आठवले ते लिहून ठेवायचा. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा. उन्हाळ्यापेक्षा कमी आठवले तर गडी बसवायचा, डॉक्टर सांगेपर्यंत मैदान बंद. कल्पना वाईट नव्हती. पण व्हर्न आळशी. शब्द दरवर्षी बदलायचे असतात. हा दरवर्षी तेच विचारायचा. चमचा, वाळू, कुंपण, मध, टोपी. मलाही पाठ झाले. मला, लाकडाला!

पहिल्या उन्हाळ्यात गॅरेट माझ्यावर पाय हलवत बसला होता. शेजारी थिगपेन. हा क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत होऊन उभा राहणारा गडी, दारातून तिरका होऊन आत यायचा. व्हर्न बर्फ आणायला गेला होता.

"पोरा, किती सांगणारेस?" थिगपेनने विचारलं.

"पाच. का?"

"पाच! शहाणाच आहेस. आत्ता पाच सांगितलेस तर नोव्हेंबरात पण पाच लागतील. आणि नोव्हेंबरात तुझ्या कानात चर्चची घंटा वाजत असेल. तीन सांग, तीन. मी कायम तीनच सांगतो."

"म्हणजे मुद्दाम ढ व्हायचं?"

"मला बघ ना. माझ्याकडे पाहून कुणाला शंका तरी येते का?"

दोघं हसले. थिगपेन हसला की माझे चारही पाय हलायचे. पण गॅरेटचं हसू लवकर आटलं. मागच्या हंगामाच्या मध्यात तो संघात आला, तेव्हाच त्याच्या आधीच्या क्वार्टरबॅकला डोक्यावर मार बसला होता आणि त्या बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं, की मला सगळं दोन दोन दिसतंय. त्याला बसवलं. त्या रविवारी गॅरेट उतरला, आणि तो पहिला गडी परत कधी उतरलाच नाही. आता गॅरेटच्या मागेही बाकावर एक जण बसलेला होताच, मोजे ओढत, वाट बघत.

व्हर्न आला. पाच शब्द सांगितले. हवापाण्याचं बोलला. मग विचारलं.

"चमचा," गॅरेट म्हणाला. "वाळू... टोपी." छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं. नट झाला असता तरी पोट भरलं असतं.

"तीन," व्हर्नने लिहिलं. "एवढ्या चाली कशा लक्षात राहतात रे तुझ्या?"

मग पाठ चोळून घ्यायला तो पालथा पडला. तोंड भोकात. व्हर्न मलमाचा डबा शोधत होता, तेवढ्यात भोकातून हळूच आवाज आला, "कुंपण. मध." आणि फुसकन हसला. माझ्याशीच बोलला तो. दुसरं कोण होतं तिथं?

दर उन्हाळ्याला हेच. वर तीन, खाली दोन. आमच्या दोघांची ती गंमत झाली.

नाव झालं त्याचं. टोलिडोत तळलेल्या माशाच्या एका ताटाला त्याचं नाव दिलं. बाप पोरांना खांद्यावर बसवून त्याला दाखवायचे. त्याच दिवसांत टॅमरा आली त्याच्या आयुष्यात. ती त्याला म्हणायची, तुझ्या डोक्यातल्या फुटबॉलवर मी भाळले नाही, तुझ्या डोक्यावर भाळले. हे तोच सांगायचा, पुन्हा पुन्हा, व्हर्नला नको होईपर्यंत.

मग एक नोव्हेंबर आला. गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरून बोचरं वारं सुटलं होतं म्हणे. गॅरेट चेंडू फेकायला उजवीकडे वळला आणि डावीकडून, जी बाजू त्याला दिसत नव्हती तिथून, एक जण येऊन धडकला. मध्यंतरात दोघांनी धरून आणला आणि माझ्यावर बसवला. बसल्याबसल्या तो एका बाजूला कलत होता. त्याचा तोल मला कळतो, रोजचा होता. हा त्याचा नव्हता.

दारात कोच उभा. "व्हर्न, खेळणार आहे का नाही? लवकर सांग."

व्हर्नने शब्द सांगितले, थोडा थांबला, विचारलं.

"चमचा," गॅरेट म्हणाला. "वाळू." मग ओठ नुसतेच हलले. "टोपी."

"तीन. तुझे नेहमीचे तीन." व्हर्नने दाराकडे पाहून अंगठा वर केला. "जरा पालथा हो, मान बघतो आणि जा."

तो पालथा झाला. तोंड भोकात. मी वाट पाहिली. तुम्हाला वाटेल टेबल कसली वाट बघणार! पण पाहिली. भोकातून लाळ तेवढी गळली. शब्द एकही आला नाही.

तो मैदानात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला भिंतीतून ऐकू येतात.

पुढच्या उन्हाळ्यात वर तीन झाले आणि खाली एकच आला, "मध". त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खाली काहीच नाही. आपण खाली काही म्हणायचो, हेच तो विसरला. तरी खेळत राहिला. जितक्या वेळा डोकं आपटलं, तितक्या वेळा तीन सांगितले, तितक्या वेळा उभा राहिला. लोक म्हणाले, काय छातीचा गडी! मग चेंडू चुकीच्या हातात जायला लागले, आणि त्याच लोकांनी बिअरचे प्लास्टिकचे पेले त्याच्या अंगावर फेकले. माशाच्या ताटाचं नाव बदललं. क्लबने त्याला काढलं. तेव्हाच क्लब नव्या इमारतीत जात होता, जुनं सामान दारात काढलं होतं, त्यात मी. तो कपाट रिकामं करून चालला होता, मला पाहून थांबला. "हे मी नेऊ?" कुणीच नाही म्हटलं नाही. निरोपाला लोकांना घड्याळ मिळतं. याला मी मिळालो.

आता मी त्याच्या गॅरेजात आहे. रंगाचे डबे, मोडकी सायकल आणि मी. टॅमरा शाळेची बस चालवते आणि आल्यावर माझ्यावर कपड्यांच्या घड्या घालते. गॅरेट पन्नाशीलाही पोचलेला नाही. बुटाची नाडी हातात घेतो आणि हातातच ठेवतो. कधी घर सोडून निघतो, मग शेजारीपाजारी पोचवून जातात. टॅमरा कामावर जाताना कुलूप लावते आणि बसमध्ये बसून रडते. हे ती मला बोलत नाही, फोनवर बहिणीला बोलते. पण बोलते माझ्यावर कोपर टेकून.

जुन्या खेळाडूंच्या आजारपणाचं बघणारं एक मंडळ आहे. डोकं खेळाने गेलं हे पटलं तर ते सांभाळायला माणूस देतात, जागा देतात. टॅमराने अर्ज केला. त्यांच्या डॉक्टरने जुने कागद काढले, त्याला एकट्याला आत बसवून त्यातलेच शब्द विचारले आणि सांगितलं, हा उमेदीतही तीनच सांगत होता, आजही तीन सांगतो. मग घसरण कुठे आहे? मुळात डोकं बेताचंच दिसतं.

बेताचंच! जो दर तिसरा महिना गाळून वर्ष उलटं म्हणायचा, तो!

त्या दिवशी टॅमराच्या हातातला टॉवेल घडी व्हायचा तो पिळला गेला. पैशापेक्षा ते वाक्य तिला लागलं. तिने व्हर्नला फोन लावला.

व्हर्न आला. म्हातारा झालाय, पण ताठ. क्लबच्या नव्या इमारतीतल्या खोलीला त्याचं नाव देणार आहेत, समारंभ आहे, असं आल्याआल्या सांगितलं. मला पाहून म्हणाला, "अरे, हे अजून आहे?" आणि माझ्यावर बसायला बघत होता. मग उभाच राहिला.

"व्हर्न, तुम्हाला माहितीय तो मुद्दाम चुकायचा," टॅमरा म्हणाली. "मंडळापुढे तेवढं सांगा. तुमचं ऐकतील ते."

"टॅमरा, बाळ, मी जे ऐकलं ते लिहिलं. तो तीन म्हणाला, मी तीन लिहिले. त्याच्या पोटात काय होतं ते मला कसं कळणार?"

"सगळेच करायचे असं गॅरेटने मला सांगितलं होतं."

"ऐकीव गोष्टी मी शपथेवर कशा सांगू? पुरावा दे, आत्ता येतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याची मान बघू का जरा? जुनी सवय."

गॅरेटला माझ्यावर पालथा घातला. तोंड भोकात. व्हर्नने खिशातून मलमाची डबी काढली, अजून बाळगतो. तो वास सुटला आणि माझ्यावरचं ते सैल पडलेलं अंग एकदम जागं झालं. मला कळलं. मान वर करून गॅरेट शाळेतल्या पोरासारखा मोठ्याने म्हणाला, "चमचा. वाळू. टोपी."

"बघ," व्हर्न टॅमराला म्हणाला, "नेहमीचे तीन."

गॅरेटने तोंड पुन्हा भोकात घातलं. आणि खालून, अगदी हळू, फुसकन हसत, "कुंपण. मध."

व्हर्नचा हात मानेवर होता, तो तिथंच थांबला. त्याचं मनगट माझ्या कडेला टेकलेलं होतं. त्याची नाडी माझ्या लाकडात ठणकली. वर न सांगितलेले दोन शब्द हेच, हे त्या गॅरेजात दोनच माणसांना ठाऊक होतं, विचारणाऱ्याला आणि चोरून ठेवणाऱ्याला. पुरावा हवा होता ना? हा घे.

"काय म्हणाला तो?" टॅमराने विचारलं.

व्हर्नने डबीचं झाकण लावलं. आधी वाकडं बसलं, मग नीट बसवलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पुटपुटतोय नुसता."

गाडी निघून गेल्याचा आवाज आला. गेल्या रविवारी टीव्हीवर त्या खोलीच्या दारावरची त्याच्या नावाची पाटी दाखवली म्हणे; टॅमराने टीव्ही बंद केला.

त्या दिवसापासून गॅरेट माझ्यापाशी येतो, पालथा पडतो आणि तेच दोन शब्द म्हणतो. टॅमराने कान देऊन ऐकले. "कुंपण? आपल्याला कुठे कुंपण आहे, वेड्या?" मग म्हणाली, "मध हवाय होय!" पावाच्या तुकड्यावर मध घालून आणला. त्याने खाल्ला. आता ती रोज आणते, आणि त्याला अजून काही तरी मागता येतं म्हणून तिला बरं वाटतं. मध माझ्या फाटलेल्या रेक्झिनवर सांडतो, मुंग्या लागतात.

माझं काय, आज ना उद्या मला सरपणात घालतील. घालू देत. सुतार म्हणाला होता कुरकुरू नकोस, आणि मी ते इतकं पाळलं की बोलायच्या वेळीही गप्प राहिलो. पण तुम्हाला तोंड आहे. टोलिडोच्या बाजूला कधी गेलात, शाळेची पिवळी बस चालवणारी बाई दिसली, तर तिला थांबवा. सांगा, शब्द पाच होते आणि तुझ्या नवऱ्याला पाचही येत होते. त्याला मध खायचा नव्हता, बाई.