सहशिक्षणाचे जनक

धनेश म्हात्रे सरांमुळे ही शाळा मुलामुलींची झाली, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सरांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी, बसच्या ड्रायव्हरला रोज थोडंथोडं, आणि व्याकरण शिकवायचा कंटाळा आला की नववीला पुन्हा पहिल्यापासून.

गोष्ट अशी. शहात्तर साली डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावात सिस्टर लोकांनी फक्त मुलींची शाळा काढली. वर्षभरात जागा अपुरी पडली. तेव्हा सरांच्या आजोबांनी, पंढरी म्हात्र्यांनी, आपली जमीन दिली आणि अट घातली, की माझ्या नातवाला शाळेत घ्या. नाइलाजाने सिस्टरांनी नियम बदलला. दर वर्षी सांगता सांगता गोष्ट थोडी वाढत गेली होती. अलीकडे तर आजोबा जमिनीचे कागद घेऊन घोड्यावरून यायचे. म्हात्र्यांच्या सात पिढ्यांत कोणाकडे घोडा नव्हता, आणि हा नेमका कधी शिरला ते सरांनाही आठवत नव्हतं.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर ग्रेटांनी सरांना बोलावलं. स्मरणिकेत शाळेचा इतिहास सरांनी लिहायचा, आणि समारंभात पहिला मुलगा विद्यार्थी म्हणून शालही सरांनाच. सरांनी त्याच दिवशी जाकीट शिवायला टाकलं. नाव पुकारल्यावर आश्चर्य वाटल्याचा चेहरा कसा करायचा, याचाही आरशासमोर दोनदा सराव झाला.

इतिहासासाठी सिस्टर ग्रेटांनी कपाटातून तीन जुन्या वह्या काढून दिल्या. सिस्टर लोकांची पद्धतच असते, रोज संध्याकाळी दिवसाची नोंद करून ठेवायची. कोण आलं, काय मोडलं, कोण आजारी. या वह्या पहिल्या मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टांच्या होत्या, स्वच्छ इंग्रजीत. सिस्टर बेनेडिक्टांची शिस्त शाळेत अजून चालते. गैरहजर राहिलेलं मूल पालकांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय वर्गात घ्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. सर तो इतका कडक पाळत, की एकदा ते स्वतः तापाने दोन दिवस घरी राहिले, तर परत आल्यावर सातवीच्या मुलींनी त्यांना दारातच अडवून चिठ्ठी मागितली होती.

सरांनी सत्त्याहत्तर सालची वही उघडली आणि स्वतःचं नाव शोधायला लागले. आधी आजोबा सापडले. "पंढरी म्हात्रे यांनी खाजणाची खारी जागा दिली. अट विचारली. म्हणाले, अट कसली, तिथे भात होत नाही."

घोड्याचा उल्लेख नव्हता.

जुलैमध्ये सर सापडले. "उत्तरा म्हात्रे आज पाचव्या दिवशी गैरहजर. घरी गेले. आई भाताच्या लावणीला निघाली होती. म्हणाली, मुलगी शाळेत गेली तर लहान्याला कोण धरणार? मी म्हटलं, त्यालाही पाठवा." दुसऱ्या दिवशी: "उत्तरा आली. भाऊ कडेवर. मुलगा जड आहे." आणि पंधरा दिवसांनी: "आता सात मुली भाऊ घेऊन येतात. त्यांना नुसतं बसवून ठेवणं बरं नाही. सोमवारपासून मुलांची नावं हजेरीत घेतली."

सहशिक्षणाचा सगळा इतिहास एवढाच. शाळा सरांसाठी बदलली नव्हती, उत्तराताईसाठी बदलली होती. सर शाळेत आलेच नव्हते, त्यांना आणलं होतं, मोठ्या बहिणीच्या डब्याबरोबर. सरांना हसू आलं. जाकीट आणि आरसा आठवून तर आणखीच. वही मिटून टाकली तर कोणाला कळणार नाही, हाही विचार मनात येऊन गेला. पण आपल्याबद्दल आणखी काय लिहिलंय याचा मोह सुटेना, म्हणून ते पानं उलटत राहिले. एकदा त्यांनी खडू खाल्ला होता. एकदा बाईंना चावले होते.

मग जून ऐंशी. "धनेश दुसरीत गेला. आता गावातल्या मुलांबरोबर एकटा येतो. उत्तरा पाचवीत आली नाही. घरी दोनदा गेले. आई म्हणते, आता तिचं शाळेत काय काम?"

सरांचं हसू थांबलं. ताईला अभ्यासाची आवड नव्हती, असं ते इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. कोणी विचारलं नाही तरी सांगत. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी ऑफिसातून जुनं जनरल रजिस्टर मागवलं. त्यात ताईची ओळ सापडली, उत्तरा राघो म्हात्रे. शाळा सोडल्याची तारीख, कोरी. सोडल्याचं कारण, कोरं. त्या पानावर बाकी सगळ्यांचे रकाने भरलेले होते. सिस्टर बेनेडिक्टांनी ही एकच ओळ उघडी ठेवली होती.

उत्तराताई आता टिटवाळ्याला असते. पाळणाघर चालवते. सरांनी फोन लावला तेव्हा मागे कोणीतरी रडत होतं.

"ताई, मी शाळेत पहिल्यांदा कसा गेलेलो?"

"माज्या कडेवर. उतरायचा नाव नाय घ्यायचास." ती हसली. "का रं?"

"आणि तू शाळा का सोडलीस?"

"मी कुटं सोडली? तू एकला जायाला लागलास, मंग आये बोलली, आता शालेन तुजं काय काम." तिने रडणाऱ्या पोराला उचललं असावं, कारण रडं थांबलं. "जाऊ दे रं. तुजा सत्कार हाय ना? आयेला घेऊन येतंय मी."

"ताई, तुझा दाखला कोणी काढलाच नाही. नाव अजून पटावर आहे."

तिने विचारलं, "मंजे मी गैरहजर हाय?"

"पंचेचाळीस वर्षं."

"तं चिठ्ठी आनावी लागल," उत्तराताई म्हणाली.

समारंभात सरांचं नाव पुकारलं गेलं. जाकीट काखेत काचत होतं. त्यांनी माईकवर घोड्याशिवायचा इतिहास सांगितला, स्वतःच्या वजनासकट. लोक पोट धरून हसले. मग शाल हातात तशीच ठेवून सरांनी पहिल्या रांगेत बसलेल्या ताईला वर बोलावलं.

उत्तराताईने शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि सिस्टर ग्रेटांच्या हातात दिला. सिस्टरांनी तो माईकवर वाचला.

"माझी मुलगी उत्तरा जून १९८० पासून गैरहजर आहे. कारण, मी तिला घरी ठेवली. चूक तिची नाही, माझी आहे. तिला वर्गात घ्यावे."

अक्षर ताईचं होतं. खाली आवडाबाई म्हात्रे अशी सही होती, थरथरत उजवीकडे उतरत गेलेली. आईला सही करायला चौथीत असताना ताईनेच शिकवलं होतं. खाली बसलेली आई पदराने डोळे पुसत होती, आणि सरांनी आरशासमोर बसवलेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

सिस्टर ग्रेटांनी पेन काढलं. रोजच्या चिठ्ठ्यांवर लिहितात तसं कोपऱ्यात लिहिलं, "घ्यावे", आणि खाली सही केली.

उत्तराताईने कागद परत घेऊन नीट पाहिला.

"पाचवीला ना, सिस्टर?" तिने विचारलं.

"पाचवीला," सिस्टर म्हणाल्या.